जुन्या सोंगट्या आणि काथ्याची घासणी

चवथ उरकली, पितृपक्ष सरला आणि आश्विनातले कोवळे ऊन ओसरीवर उतरू लागले, की आपल्या किनारपट्टीतील घराघरांत सफाईची एक लाट येते. चार महिने दमटपणात कोंडून पडलेले माळे, पेटारे आणि फडताळे उघडली जातात. सतरंज्या झटकल्या जातात, समया आणि घंगाळे चिंच-आमसोल व राख लावून लखलखीत केली जातात आणि या धांदलीत माळ्यावरच्या एखाद्या कोपऱ्यातून एक लाकडी पेटी खाली येते. पेटीत आजोबा-पणजोबांच्या वेळचा सारीपाट असतो, चार रंगांच्या सोंगट्या असतात, लांबट फासे असतात, मूठभर कवड्या असतात. घर जरा जुन्या इतमामाचे असेल तर गंजिफांचा एखादा जोडही असतो. पाठोपाठ कोजागरी येते. ती रात्र अक्षक्रीडेने जागवावी असे व्रतकारांनी सांगून ठेवले आहे. दिवाळीतल्या पाडव्याला तर द्यूतप्रतिपदा असे नावच आहे. पेटी बाहेर येण्याचा मुहूर्त आणि घरातल्यांच्या हाती काथ्याची घासणी असण्याचा मुहूर्त असा एकच पडतो. या वस्तूंच्या दृष्टीने त्याहून अनिष्ट योग दुसरा नसेल.

गेल्या काही वर्षांत या पेट्यांना भाव आला आहे. पर्यटकांच्या वाटेवरील दुकानांत आणि नव्या धर्तीच्या हॉटेलांच्या दर्शनी दालनांत जुने खेळ काचेखाली मांडलेले दिसू लागले आहेत. त्यामुळे एरवी अडगळीत पडणारी पेटी आता ‘जरा साफसूफ करून’ दिवाणखान्यात ठेवावी, असे घरातल्या तरुणांना वाटू लागले आहे. ही इच्छा स्तुत्य आहे. आमचे भय आहे ते ‘जरा साफसूफ’ या दोन शब्दांचे. शंभर वर्षे वाळवी, पाऊस आणि मुले यांच्या तावडीतून सुटलेली वस्तू एका सकाळच्या सफाईत कायमची जाते आणि घालवणाऱ्याला ती उजळली असेच वाटत राहते. मळ कोणता आणि वस्तू कोणती हे ओळखल्यावाचून घासणी उचलू नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. परंतु ते ओळखणे वाटते तितके सोपे नाही. म्हणून हा विस्तार.

जुगाराची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. मांडवीत नांगरून ठेवलेल्या जहाजांविषयी आम्हांला जे म्हणावयाचे असते ते आम्ही वेळोवेळी म्हणतच असतो. पण फाशांचे भय आणि फाशांची ओढ या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत अगदी प्रारंभापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या विलापाचे एक संपूर्ण सूक्त आहे. त्या काळी बेहड्याची फळे फासे म्हणून वापरीत. सभापर्वाची कथा तर कोणास सांगावयास नको. आणि तरीही वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट मांडून बसलेली शिल्पकारांनी दाखविली, त्यात कोणालाही वावगे वाटले नाही. खेळ घरात राहिला, पेटी देवघराच्या शेजारच्या खोलीत राहिली. असो.

प्रथम गंजिफांविषयी. कारण आपल्या प्रदेशाचा त्यांच्याशी संबंध सर्वांत जवळचा, आणि सफाईने सर्वांत लवकर नष्ट होणारी वस्तूही तीच. हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफांचा जोड पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे आणि अबुल फजलने अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या गंजिफांचे वर्णन केले आहे. पुढे मोगली पद्धतीत आठ रंग आणि शहाण्णव पाने रूढ झाली. आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसविले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी एकशेवीस पानांची दशावतारी गंजिफा सिद्ध झाली. दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजाने प्रारंभ करावयाचा, रात्री असेल तर कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर निम्म्या रंगांत तीच सर्वांत हलकी. पोरकट करमणूक म्हणून जिची हेटाळणी करावी अशी ही गोष्ट खचितच नव्हती. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ही पाने पिढ्यान्‌पिढ्या रंगविली. दरबारी आणि बाजारी असे त्यांचे दोन दर्जे असत. छापील पत्त्यांनी हा धंदा बसविला, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात उरल्यासुरल्या जुन्या कारागिरांच्या हातची विद्या वेचून राजवाड्यातच कारखाना उभा केला. तेथे आजही पाने रंगविली जातात.

हे पान तयार कसे होते ते पाहिले, म्हणजे ते धुऊ नये हे वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकमेकांवर चिकटवावयाचे, त्यावर खडूचा पांढरा लेप देऊन ते घोटावयाचे, मग वाटोळे कापावयाचे. त्यावर डिंकात कालविलेल्या रंगांनी चित्र काढावयाचे, आणि पाठीला लाखेच्या रोगणाचे कवच द्यावयाचे. म्हणजे आतून बाहेरपर्यंत पाहू गेल्यास खळ पाण्याने सुटते, खडूचा लेप पाण्याने फुगतो, डिंकातला रंग पाण्याने विरघळतो. राहता राहिली लाख. ती पाण्याला काही काळ दाद देत नाही. ओल राहिली तर पांढुरकी मात्र पडते. पण स्पिरिटात ती साफ विरघळते, आणि राख, सोडा, साबण, अमोनियायुक्त काच पुसण्याचे द्रव अशा कोणत्याही क्षारापुढे तिचा टिकाव लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरात घासण्याची जी दोन पारंपरिक साधने आहेत, त्यांतील राख लाखेला खाते आणि चिंच हस्तिदंताला खाते. एका पेटीत लाखेच्या गंजिफा व हस्तिदंती फासे शेजारी शेजारी असतील, तर दोहोंना मानवेल असे घरगुती घासणे पृथ्वीवर नाही.

मग करावयाचे काय? पान हाती घेण्यापूर्वी मोठ्या ताटात पांढरे स्वच्छ सुती कापड अंथरावे आणि सर्व काम त्या ताटावर करावे. रंगाचा किंवा लाखेचा कपचा निघून पडला तर तो कापडावर सापडतो. तो कागदाच्या पुडीत घालून त्या पानाबरोबर ठेवावा, कारण कुशल हात तो पुन्हा जागेवर बसवू शकतात. नंतर रुंद, मऊ केसांचा कोरडा कुंचला घ्यावा आणि धूळ मध्यापासून कडेकडे हलकेच लोटावी. ज्या बाजूवर रंग आहे त्या बाजूचे काम येथेच संपते. चित्रावरचा पिवळसरपणा, कडेचा काळवंडलेला भाग, अंगठ्याखाली झिजलेली किनार या तिन्ही गोष्टी तशाच ठेवावयाच्या. पिवळसरपणा हा बहुधा मळ नसतोच. रोगण जुने झाल्यावर त्याला जो वर्ण येतो तो तो. आणि झीज ही तर खेळाची नोंद आहे. गंजिफा जाड असल्यामुळे आजच्या पत्त्यांसारख्या हातात पिसता येत नाहीत. त्या पालथ्या करून चादरीवर पसरावयाच्या आणि तळव्यांनी ढवळावयाच्या. पाठीवरच्या लाखेवर जे बारीक गोलगोल ओरखडे दिसतात ते त्या ढवळण्याचे. एखाद्या जोडातील कोणती पाने अधिक झिजली आहेत यावरून तो जोड किती खेळला गेला, नुसता शोभेचा होता की रोजच्या वापरातला, हे जाणकार सांगू शकतो. पाठ घासून गुळगुळीत केली की ही साक्ष पुसली जाते आणि पान नव्यासारखे दिसू लागते. नव्यासारखेच पाहिजे असेल, तर सावंतवाडीस जाऊन नवे विकत का घेऊ नये?

पाठीवर तेलकट मेणचट थर फारच जमला असेल आणि लाख सर्वत्र शाबूत असेल, तर एक उपाय आहे. तो सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो. तो उपाय म्हणजे थुंकी. संग्रहालयांतील तज्ज्ञ कापसाचा बोळा काडीला गुंडाळून तो लाळेने किंचित ओलावतात, मळलेल्या जागेवरून घासता फिरवीत नेतात, आणि मागोमाग स्वच्छ पाण्याने जेमतेम ओलावलेला दुसरा बोळा व लगेच कोरडा बोळा फिरवितात. ही अडाणी रूढी आहे की तीत काही तथ्य आहे, याची तपासणी पोर्तुगालमधील पाउला रोमाँव, आदीलिया आलार्काँव आणि सेझर व्हियाना या तिघांनी केली आणि १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाळेतील अमायलेज हे द्रव्य मळ सोडविते आणि नेहमीच्या मद्यार्कयुक्त द्रावकांहून लाळ अधिक सौम्यपणे काम करते, असे त्यांना आढळले. या संशोधनाला २०१८ मध्ये इग नोबेल हा, आधी हसविणारा आणि मग विचार करावयास लावणारा पुरस्कार मिळाला. दशावतारांच्या पानांना उष्टे लावावयाचे, ही कल्पना आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांना रुचत नसेल त्यांनी तो थर तसाच राहू द्यावा. त्याने पानाचे काही बिघडत नाही. मात्र ज्यांना रुचत असेल त्यांनीही आधी एका कोपऱ्यावर पाहून घ्यावे. बोळ्यावर मळकट करड्या रंगाऐवजी तांबडा किंवा काळा उतरू लागला, म्हणजे मळ संपून लाख निघू लागली असे समजून तत्क्षणी थांबावे.

बुरशीची गोष्ट वेगळी. ती राहू देता येत नाही, कारण ती खळीवर पोसते. हवेतील आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांपुढे गेली की बुरशीला अनुकूल काळ सुरू होतो; आपल्याकडे तर पावसाळ्यात ती ऐंशी-नव्वदच्या घरात असते. पेटी उघडताच पांढरट-हिरवट लव दिसली, तर ती घराबाहेर, नाकाला फडके बांधून, कोरड्या कुंचल्याने काढावी. ओल्या फडक्याने पुसल्यास ती खाली मुरते. पण त्याआधी पेटी दोन-चार दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवून आतील ओल हळूहळू जाऊ द्यावी. अंगणातल्या उन्हात सुपात पसरून पापडांसारखी वाळत घालण्याची चाल आहे, ती अत्यंत घातक आहे. उन्हाने काळी पाठ तापते, लाख मऊ पडते, एका अंगाने आकसलेले पान वाटीसारखे वाकते. कौलांखालच्या माळ्यावर वैशाखात असेच होऊन कधी कधी सारा जोड एकमेकांस चिकटून त्याची वडी बनलेली आढळते. अशी वडी सुरीने सोडवू नये. ती तशीच कापडात गुंडाळून जाणत्याकडे न्यावी.

आता सोंगट्या आणि फासे. लाकडी सोंगट्या बहुधा चरकावर कातून, घर्षणाच्या उष्णतेने त्यांवर रंगीत लाख चढविलेली असते. त्यांना कोरडे मऊ फडके पुरे. केवड्याच्या पानाने घोटून चकाकी आणण्याची लाखकाम करणाऱ्यांची रीत आहे. ती नव्या कामाची रीत आहे. जुन्या, भेगाळलेल्या लाखेवर तो प्रयोग केल्यास भेगेच्या कडा उचकटतात. हस्तिदंती सोंगट्यांचे दुखणे अधिक नाजूक. हस्तिदंत हा सजीवाचा अवयव होता हे तो कधी विसरत नाही. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि तेही सर्व दिशांनी सारखे नाही. म्हणून भिजवून वाळविलेला फासा उभा चिरतो. त्याच्या अंगी जे खनिज असते ते आम्लात विरघळते. लिंबू, चिंच, आमसोल, शिरका यांपैकी काहीही लावले तर पृष्ठभागावरची तुकतुकी जाऊन तो खडूसारखा दिसू लागतो आणि तो खडबडीतपणा मग कशानेही जात नाही. फाशांवरील वर्तुळात ठिपका असे जे डोळे कोरलेले असतात, त्यांत काळा किंवा तांबडा रंग भरलेला असतो. साबणाच्या पाण्यात फासे टाकून ठेवले की डोळे रिकामे होतात. रंगविलेल्या हिरव्या-तांबड्या सोंगट्यांचा रंगही वरच्या पापुद्र्यापुरताच असतो.

जुन्या हस्तिदंताचा पिवळेपणा अनेकांना खुपतो. परंतु हा पदार्थ अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात फिकट होतो, हा त्याचा स्वभाव आहे. शतकभर पेटीत मिटलेल्या सोंगटीने मधासारखा वर्ण धारण केला तर तो तिचा दोष नव्हे. तो घालविण्यासाठी कपडे पांढरे करण्याचे रसायन वापरल्यास सोंगटी पांढरी होईल आणि ठिसूळही होईल. तसेच, जुन्या घराच्या पेटीतून काढून एकदम वातानुकूलित खोलीतल्या दिव्याखालच्या कपाटात तिला बसविणे हाही तिच्यावर अन्यायच. किनाऱ्यावरच्या दमट हवेत मुरलेला हस्तिदंत त्या कोरड्या थंडीत आठ-पंधरा दिवसांत तडकू शकतो.

येथे एका दुष्ट परीक्षेचा उल्लेख केला पाहिजे. सोंगटी खरोखर हस्तिदंताची आहे काय हे पाहण्यासाठी तापविलेली सुई टोचून पाहावी, असा सल्ला जुन्या बाजारात सर्रास दिला जातो. सुई हस्तिदंतात शिरत नाही, हे खरे; पण डाग मात्र कायमचा पडतो. आणि ती वस्तू सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेते. हा धोका काल्पनिक नाही. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने सेल्युलॉइडला व्यापारी रूप दिले, तेच मुळी बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ फासे आणि मोहरे या द्रव्याचे होत राहिले. ते जुने झाले की आपोआप विघटू लागतात, त्यांतून तीव्र वासाचे आम्लधर्मी वायू सुटतात आणि शेजारच्या वस्तूही खराब होतात. भुगा होऊ लागलेला, आतून जाळीदार चिरा पडलेला, कापरासारखा वास येणारा फासा आढळला तर तो प्रथम वेगळा काढावा. हस्तिदंत ओळखावयास सुईची गरज नाही. साधे भिंग पुरे. कापलेल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची नाजूक जाळी दिसली तर हस्तिदंत. काळपट बारीक ठिपके नि रेघोट्या दिसल्या तर हाड. काहीच दिसले नाही तर बहुधा मानवनिर्मित द्रव्य.

ही ओळख पटविण्याला एक कायदेशीर बाजूही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी अनुक्रमे भारतीय आणि आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचा व्यापार बंद केला. वस्तू किती जुनी आहे याचा त्यात विचार नाही. तेव्हा पणजोबांच्या सोंगट्यांना कोणी किंमत देऊ केलीच, तर घेणारा आणि देणारा दोघेही अडचणीत येतात. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खाजगी व्यक्तीने परदेशी पाठविण्यासही १९७२ च्याच दुसऱ्या एका कायद्याने मनाई आहे. परदेशस्थ मुलाने ‘आठवण म्हणून’ सामानात पेटी टाकून नेण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.

पाश्चात्त्यांच्या जुगाराच्या मेजावर पैशांऐवजी ज्या चकत्या मांडतात, त्याही आता पुराणवस्तू होऊन बसल्या आहेत आणि त्यांच्या सफाईचे शास्त्र तिकडे चांगले वाढले आहे. मकाव, मोझांबिक, लिस्बन असे प्रवास केलेल्या कुटुंबांच्या चीजवस्तूंत अशा चकत्या निघाल्या तर नवल नाही, म्हणून त्यांविषयी दोन शब्द. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या चकत्या होऊ लागल्या, त्या चिकणमातीत लाख मिसळून साच्यात दाबलेल्या असत. लाखेचे जगातील मोठे उत्पादक क्षेत्र तेव्हा हिंदुस्थानच होते. मिसिसिपीवरच्या बोटींत खुळखुळणाऱ्या त्या नाण्यांतही बहुधा छोटा नागपूरच्या झाडांवरचा अंश असावा! तेव्हा गंजिफांना जे पथ्य तेच त्यांनाही. गरम पाणी नको, स्पिरिट नको, भिजत घालणे नको. तिकडचे संग्राहक साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, अगदी मऊ ब्रशाने एकेक चकती क्षणभर साफ करतात, लगेच टिपून घेतात, आणि फिकटलेल्या मातीला खनिज तेलाचा पुसटसा हात लावतात. हा तेलाचा हात त्यांच्यातल्या कर्मठांना मान्य नाही. आपल्याकडे कोणी त्याचे अनुकरण म्हणून गंजिफांना खोबरेल लावण्याच्या मोहात पडू नये. ते खवट होते, धूळ धरते आणि कसरीला आमंत्रण देते.

याहून सुंदर असतात त्या शिंपल्याच्या चकत्या. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत चीनमधील कँटनचे कारागीर युरोपीय गिऱ्हाइकांसाठी मोत्याच्या शिंपल्याचे पातळ तुकडे गोल, लांबट, माशाच्या आकाराचे कापीत आणि त्यांवर घराण्यांची चिन्हे व आद्याक्षरे केसाएवढ्या रेषांनी कोरीत. त्या रेषांत बसलेला काळसरपणा खरवडून काढला की नक्षी वाचता येईनाशी होते. तिकडच्या घरंदाज पेट्यांचे बरेच नुकसान या उत्साहाने झाले आहे. शिंपला आणि आपली साधी कवडी यांचे द्रव्य एकच, चुनखडीचे; आम्लाशी दोहोंचे वैर. शिंपल्यांच्या जुन्या संग्रहांवर पांढरी पूड धरते, तिची नोंद लॉफ्टस बाइन या इंग्रजाने १८९९ मध्ये केली. त्याला तो रोग वाटला. वस्तुतः कपाटाच्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिंपला खाल्ला जात होता. नवे प्लायवूड, नवा पुठ्ठा यांतूनही अशीच वाफ निघते. मुलीच्या फ्लॅटमधल्या कोऱ्या कपाटात कवड्यांची पिशवी टाकून द्वार बंद केले, तर जे माळ्याने शंभर वर्षांत केले नाही ते कपाट पाच-दहा वर्षांत करील.

पेटीत डांबरगोळ्या टाकू नयेत. त्यांची वाफ रोगणाला आणि कृत्रिम द्रव्यांना मऊ पाडते. कापूरही नको. धुऊन खळ काढलेल्या, रंग न दिलेल्या मलमलीच्या तुकड्यांत प्रत्येक रंगाची बारा पाने वेगळी गुंडाळावी. वर्तमानपत्रात तर काहीच गुंडाळू नये. हे आम्हीच सांगावे यात थोडी गंमत आहे खरी. पण आमचा कागद आम्लयुक्त असतो, स्वतः पिवळा पडताना सोबत्यालाही पिवळे करतो आणि आमची शाई वाचकांच्या बोटांना लागते तशी पानांनाही लागते. आमचा अंक वाचून झाल्यावर त्याचे अन्य उपयोग पुष्कळ आहेत. पेटी जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आणि वर्षातून दोन-तीनदा कोरड्या दिवशी उघडून पाहावी. खेळण्यासाठी उघडल्यास अधिक उत्तम.

दुरुस्तीच्या बाबतीत आमचे मत थोडे कडवे आहे. सुटलेले थर बाजारातल्या पांढऱ्या गोंदाने चिकटविणे, फाटका पट चिकटपट्टीने सांधणे, उडालेला रंग पोस्टर रंगाने भरणे आणि वरून चकचकीत लाकडी रोगण मारणे, या चारी गोष्टी आपल्या घरांतून रोज होतात. त्यांपैकी एकही नंतर धड काढता येत नाही. जाणकार मंडळी गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरतात, ती उद्या कोणाला सोडवावीशी वाटली तर सुटावी म्हणून. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचे केंद्र आहे. लखनौस १९७६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. प्रत्येक पेटी तेथे जाईल असे कोण म्हणेल? पण चुकीच्या गोंदापेक्षा सुटा कपचा पुडीत राहिलेला पुष्कळ बरा.

सर्वांत वाईट दुरुस्ती आम्ही अद्याप सांगितलेलीच नाही. एकशेवीस पानांचा जोड फोडून, दहा राजे काढून, त्यांच्या सोनेरी चौकटी करून भिंतीवर लावावयाच्या आणि उरलेली पाने भेटीदाखल वाटून टाकावयाची, ही रीत आता प्रतिष्ठित घरांतही शिरली आहे. दलालांना ती सोयीची, कारण एकेक पान विकल्यास जोडाहून अधिक पैसे येतात. मग दहा घरांच्या भिंतींवर दहा राजे राहतात आणि खेळ कोठेच राहत नाही. मत्स्याची सत्ती आणि कूर्माचा चौका दिसावयास साधे असतात म्हणून त्यांना कोणी चौकट करीत नाही. पण त्यांच्यावाचून डाव मांडता येत नाही.

जोडात दोन-तीन पाने कमी असली तर तो टाकाऊ ठरत नाही. उरलेले एखादे पान नमुन्यासाठी घेऊन सावंतवाडीच्या चिताऱ्याकडे जावे. आकार, रंग आणि जाडी जुळवून तो हरवलेले पान करून देईल. ते मुद्दाम जुनाट दिसेल असे मात्र करवू नये. पेटीत एक चिठ्ठी घालावी. कोणते पान नवे, कोणत्या साली केले, जोड कोणाकडून कोणाकडे आला हे तीत लिहावे. आणि घरात डाव येणारी एखादी आजी किंवा काका अजून असतील, तर कोजागरीच्या रात्री त्यांना खेळायला बसवून त्यांच्या घरचे नियम त्याच चिठ्ठीच्या पाठीवर शिसपेन्सिलीने उतरवून घ्यावेत. शाई पाझरते.